पडद्यावरील अक्षरांचे प्रकटन : एक विचार

काव्याची चर्चा करताना आपण शब्द, अर्थ, अलंकार आणि वृत्त यांचा विचार करतो. अक्षरे वाचकासमोर कोणत्या क्रमाने आली, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कारण छापील पानावर ती सर्व एकाच वेळी उपस्थित असतात. कोठे थांबावयाचे, कोठे पुढे जावयाचे आणि कोणती ओळ पुन्हा वाचावयाची हे सर्वस्वी वाचकाच्या स्वाधीन असते. पडद्यावर मात्र ही स्थिती राहत नाही. तेथे अक्षरे एकामागून एक उमटतात, धुक्यातून स्पष्ट होतात किंवा एखाद्या अदृश्य कडेआडून वर सरकत येतात. चलच्चित्रांचे आरेखन करणारे कारागीर या कृतीला ‘टेक्स्ट रिव्हील’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला आपण ‘अक्षरप्रकटन’ म्हणू. शाळेच्या सभागृहात, संमेलनाच्या व्यासपीठामागे, दूरदर्शनवर आणि प्रत्येकाच्या हातातील फोनवर मराठी कविता आज मोठ्या प्रमाणावर याच रीतीने लोकांसमोर येत आहे. तेव्हा या कृतीला निव्वळ सजावट समजून समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे योग्य होणार नाही. अक्षरप्रकटन हा एक प्रकारचा पाठ आहे आणि पठणाचे गुणदोष आपण ज्या काटेकोरपणे पाहतो, त्याच काटेकोरपणे याचेही गुणदोष पाहिले पाहिजेत, असे माझे मत आहे.

प्रथम या कलेची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. चित्रपटाच्या आरंभीची श्रेयनामावली दीर्घकाळ केवळ माहितीपुरती असे. तिला स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत अमेरिकन आरेखनकार सॉल बास यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९५५ साली ओटो प्रेमिंजर यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटासाठी त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्यांची हालचाल योजली आणि अखेरीस त्याच आकारांतून एक वाकडा, पीडित हात निर्माण केला. १९५९ सालच्या हिचकॉक यांच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये हिरव्या पृष्ठभागावर प्रथम तिरक्या व उभ्या रेषा येतात. त्या रेषांच्या जाळ्याला टेकून नावे वरखाली सरकतात. हळूहळू ते जाळे न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीची काचेची भिंत होऊन जाते. अक्षरांची गती येथे त्या शहराच्या गतीशी, लिफ्टच्या चढउताराशी जुळलेली आहे. पुढच्याच वर्षी, १९६० साली, ‘सायको’मध्ये त्याच बास यांनी अक्षरांचे आडवे काप केले, ते काप क्षणभर जुळतात, नाव वाचता येते आणि पुन्हा विस्कटतात. दुभंगलेल्या मनाची कथा सांगणाऱ्या चित्रपटाला दुभंगलेली अक्षरे शोभतात, हे निराळे सांगावयास नको.

१९७९ सालच्या रिडली स्कॉट दिग्दर्शित ‘एलियन’ या चित्रपटाचे शीर्षक तर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. अंतराळाचे दृश्य संथपणे सरकत असते आणि पडद्याच्या वरच्या भागात, एकमेकांपासून दूर, पांढऱ्या रेघांचे तुकडे एकेक करून उमटू लागतात. आरंभी ती अक्षरे आहेत हेही कळत नाही. बराच काळ गेल्यावर पाच रोमन अक्षरे ओळखू येतात आणि शब्द पूर्ण होतो. ओळख पटण्यास लागणारा हा विलंब आणि त्यातून उपजणारी अस्वस्थता हाच त्या चित्रपटाचा स्थायी भाव आहे. प्रकटनाची रीत आणि आशय यांचे येथे ऐक्य झाले आहे.

या उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. यशस्वी अक्षरप्रकटनात तीन निर्णय विचारपूर्वक घेतलेले असतात. पहिला निर्णय एककाचा : एका वेळी काय प्रकट व्हावयाचे? रेघ, अक्षर, शब्द की ओळ? दुसरा क्रमाचा : आधी काय आणि मागून काय? तिसरा कालाचा : प्रत्येक एककाला किती वेळ द्यावयाचा आणि कोठे थांबावयाचे? या तीन निर्णयांचे उत्तर ज्या कलाकृतीत आशयातून आलेले दिसते, ती चांगली; ज्या कृतीत ते यंत्राच्या सोयीतून आलेले दिसते, ती सदोष. हीच कसोटी मला मराठी अक्षरांच्या प्रकटनाला लावावयाची आहे.

बास यांच्या काळी हे काम प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र छायाचित्र घेऊन, एका सेकंदास २४ चौकटी या हिशेबाने करावे लागे. आता ते संगणकावर होते. १९९३ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातील ‘कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट’ या लहानशा संस्थेने ‘आफ्टर इफेक्ट्स’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. १९९४ मध्ये ते अडोबी कंपनीच्या ताब्यात आले आणि आज या व्यवसायात त्याचा सर्वत्र प्रचार आहे. त्यातील योजना समजण्यास कठीण नाही. मजकूर टंकित करावयाचा. त्यातील अक्षरांची पारदर्शकता, स्थान किंवा आकार बदलावयाचा. आणि हा बदल मजकुराच्या किती भागाला लागू आहे हे एका निवडपट्ट्याने ठरवावयाचे. पट्ट्याचा आरंभबिंदू शून्य टक्क्यांवरून शंभर टक्क्यांपर्यंत सरकविला, की झाकलेली अक्षरे क्रमाने उघडी पडतात. पट्टा मोजणी कशाची करणार, सुट्या चिन्हांची, शब्दांची की ओळींची, हेही कारागिराला निवडता येते. टंकलेखन यंत्राप्रमाणे एकेक चिन्ह उमटविण्याची योजना तर तयारच मिळते आणि सर्वाधिक वापर तिचाच होताना दिसतो.

रोमन लिपीला ही योजना सहज मानवते. त्या लिपीत अक्षरे सुटी असतात, एकापुढे एक बसतात आणि एक कळ दाबली की एक अक्षर उमटते. देवनागरीची घडण वेगळी आहे. आपले ‘अक्षर’ म्हणजे व्यंजन, जोडाक्षर, स्वरचिन्ह आणि अनुस्वार यांचा एकजीव झालेला उच्चारघटक होय. संगणकात मात्र देवनागरी मजकूर सुट्या चिन्हांच्या मालिकेच्या रूपाने साठविलेला असतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘स्त्री’ हे एकच अक्षर सहा चिन्हांचे आहे : स, हलन्ताची खूण, त, पुन्हा हलन्ताची खूण, र आणि दीर्घ ईकार. साठवणुकीसाठी ही व्यवस्था युक्त आहे, याबद्दल वाद नाही. पण प्रकटनाचा पट्टा जर हीच चिन्हे एकेक करून मोजू लागला, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे काय घडते ते पाहा.

‘किल्ला’ हा शब्द घ्या. प्रथम ‘क’ दिसतो. मग ऱ्हस्व इकार येतो. परंतु तो व्यंजनाच्या डाव्या बाजूस बसत असल्याने आधी स्थिर झालेला ‘क’ उजवीकडे ढकलला जातो. मग ‘किल’, मग पाय मोडलेला ‘किल्’, मग ‘किल्ल’ आणि अखेरीस ‘किल्ला’. दोन अक्षरांचा शब्द सहा पायऱ्यांनी पूर्ण होतो आणि त्यांतील बहुतेक पायऱ्या मराठीत अस्तित्वात नसलेल्या रूपांच्या असतात. ‘कीर्ती’ या शब्दाची अवस्था याहून चमत्कारिक होते. ‘क’, ‘की’ यांच्यानंतर पडद्यावर ‘कीर’ उभा राहतो, म्हणजे चक्क पोपट! पुढच्याच क्षणी त्या ‘र’चा पाय मोडतो, त्यानंतर तो नाहीसा होऊन ‘त’च्या माथ्यावर रफार होऊन बसतो आणि मग कोठे कीर्ती हाती लागते. ‘शक्ती’ शब्द ‘शक’ या शब्दातून जातो आणि ‘अक्षर’ हा शब्दसुद्धा ‘अक’ आणि ‘अक्’ अशा विकलांग अवस्थांतून जाऊन मगच पूर्ण होतो.

कोणी म्हणेल, हे सर्व क्षणार्धात घडते. डोळ्यांना ते जाणवतही नाही. प्रौढ आणि सराईत वाचकापुरते हे काही अंशी खरे मानता येईल. परंतु नुकतेच वाचावयास शिकणाऱ्या मुलाची स्थिती निराळी असते. पडद्यावर ओळ उमटत असताना वर्गातील मुले ती मोठ्याने वाचू लागतात, असा माझा अनुभव आहे. जे दिसले ते उच्चारावयाचे, हाच त्यांना दिलेला धडा असतो. ‘कीर’ दिसताच ती ‘कीर’ म्हणतात आणि पुढच्या क्षणी अडखळतात. जोडाक्षर हे एकच अक्षर आहे, ते एका दमात उच्चारावयाचे, हे मुलांच्या मनावर ठसविण्यासाठी शिक्षक महिनोन्महिने खपतात. आणि भिंतीवरचा पडदा नेमके त्याच्या उलट शिकवितो. ज्या गावांत मराठी ही शाळेपुरती आणि घरापुरतीच उरली आहे, रस्त्यावरच्या पाट्या दुसऱ्या भाषेत आहेत, तेथे मुलांना मराठी अक्षर दिसण्याच्या जागाच थोड्या. त्या थोड्या जागांपैकी एक जागा पडद्याची असेल, तर तिच्यावरचे अक्षर निर्दोष असावे ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

रंगभूमीचा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. आपल्या नाट्यपरंपरेत पात्रप्रवेशाला मोठे महत्त्व आहे. पात्र केव्हा यावे, कोणत्या बाजूने यावे, कोणत्या सुरावर यावे याचा सूक्ष्म विचार होतो. परंतु अर्धी रंगभूषा झालेले पात्र रंगमंचावर येऊन प्रेक्षकांसमक्ष उरलेली रंगभूषा करीत नाही. अक्षराचेही तसेच आहे. त्याने संथपणे यावे, वेगाने यावे, धुक्यातून यावे, पण यावे ते पूर्ण होऊन. ‘एलियन’मध्ये अक्षरांचे तुकडे दाखविले गेले, मग आपल्याकडे का नको, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर असे, की तेथे तुकडे करण्याचा निर्णय कलावंताने आशयासाठी घेतला होता. येथे तो निर्णय कोणीच घेतलेला नाही. मोजणीच्या सोयीने तो परस्पर घडून आला आहे.

आश्चर्याची गोष्ट ही, की यंत्राला जे एकक हवे आहे ते आपल्या छंदःशास्त्राने फार पूर्वीच निश्चित करून ठेवले आहे. अभंगातील अक्षरे मोजताना आपण जोडाक्षर एकच धरतो. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६, ६, ६ आणि ४ अशी बावीस अक्षरे मोजणाऱ्या वारकऱ्याला ‘स्त्री’त सहा चिन्हे असतात हे सांगितले तर तो हसेल. युनिकोडच्या व्यवस्थापकांनाही हा विचार पटला आहे, असे दिसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या १५·१ या आवृत्तीत मजकुराचे तुकडे पाडण्याच्या नियमांत सुधारणा होऊन देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर हे एकसंध एकक मानले गेले. म्हणजे मार्ग मोकळा झाला आहे. सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनी तो स्वीकारणे आणि वापरणाऱ्यांनी त्याचा आग्रह धरणे एवढेच उरले आहे. तोपर्यंत कारागिराला एक साधा उपाय उपलब्ध आहे : पट्ट्याची मोजणी चिन्हांऐवजी शब्दांवर ठेवावी. शब्द अखंड प्रकट झाला तर अक्षर मोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता दुसऱ्या निर्णयाकडे, क्रमाकडे वळू. रोमन अक्षरांसाठी रूढ झालेली एक रीत अशी, की शब्दातील अक्षरे पडद्याच्या चारी दिशांनी येऊन आपापल्या जागी बसतात, किंवा आधी दूर दूर असतात आणि हळूहळू जवळ येतात. ही रीत देवनागरीला जशीच्या तशी लावली, की शिरोरेषा तुटते. शिरोरेषा ही आपल्या लिपीत निव्वळ अलंकार नाही. शब्दाची मर्यादा तीच सांगते. तिचे तुकडे पडद्यावर तरंगू लागले, की शब्द शब्द म्हणून ओळखू येत नाही.

उलट या शिरोरेषेतच प्रकटनाची आपली स्वतःची रीत दडलेली आहे. बालबोध लिहिताना मूल आधी अक्षरे काढते आणि शब्द पूर्ण झाल्यावर त्यावर रेघ ओढते. मोडीत याच्या उलट प्रकार होता. लेखक प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा आखून घेई आणि मग शक्यतो लेखणी न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. ग्वाल्हेर, इंदूर आणि वडोदरा येथील संस्थानी दप्तरांतील मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या लांबच लांब रेघांची ओळख आहे. म्हणजे एकाच भाषेच्या दोन लिप्यांनी प्रकटनाचे दोन क्रम आपल्याला दिले आहेत. एकात शब्द आधी आणि त्याला पूर्णता देणारी रेघ मागून. दुसऱ्यात रेघ आधी आणि तिच्या आधाराने शब्द मागून. एखाद्या ऐतिहासिक पत्रावरील माहितीपटात पडद्यावर आडवी रेघ धावत जावी आणि तिच्याखाली मजकूर उतरत यावा, तर ते प्रकटन त्या पत्राच्या मूळ लेखनक्रियेशी इमान राखील. बालगीतात अक्षरे आधी बसावीत आणि शेवटी रेघ ओढली जावी, तर मुलाला आपलाच हात तेथे फिरल्यासारखे वाटेल. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले असल्याने अशा प्रयोगांना आता तांत्रिक अडचणही फारशी नाही. परकीय रीतींची नक्कल करण्याऐवजी आपल्या लेखनपरंपरेतून अशी सामग्री घेतली, तर मराठी अक्षरप्रकटनाला स्वतःचे रूप येईल.

तिसरा निर्णय कालाचा. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कवितेचा प्राण लयीत असतो. निवडपट्टा समान गतीने सरकला, तर प्रत्येक घटकाला सारखाच वेळ मिळतो. लघू आणि गुरू यांचा भेद तेथे उरत नाही आणि यतीला स्थान राहत नाही. कालिदासाच्या मेघदूताचे वृत्त मंदाक्रांता. तिच्या चरणात सतरा अक्षरे. यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. आरंभी चार गुरू, नंतर पाच लघू व एक गुरू, आणि शेवटच्या सात अक्षरांत पाच गुरू व दोन लघू. जड पावलांनी चालणे, मग एकदम धावणे आणि मग पुन्हा संथ होणे, हा या वृत्ताचा स्वभाव आहे. एका सेकंदास २५ चौकटींच्या पडद्यावर प्रत्येक अक्षरास दोन चौकटी दिल्या, तर सगळा चरण ३४ चौकटींत, म्हणजे दीड सेकंदाच्या आतच उमटून जातो. यक्षाचा विरह तारेच्या मजकुरासारखा खडखडत निघून जातो!

याऐवजी गुरूला आठ आणि लघूला चार चौकटी द्याव्यात. पहिला खंड ३२ चौकटींचा, दुसरा २८ चा आणि तिसरा ४८ चा होईल. दोन यतींसाठी दहा-दहा चौकटी थांबले, तर एकूण १२८ चौकटी होतात; म्हणजे पाच सेकंदांहून किंचित अधिक. कोणीही शिक्षक हा चरण सावकाश म्हणून पाहील, तर त्याला याच सुमाराचा अवधी लागेल. ज्याला वृत्त कळते त्याला हा हिशेब करण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. अभंगाच्या बाबतीत तर काम आणखी सोपे आहे. मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या अखेरीस येते आणि चौथा चरण आखूड असतो. चरण हेच एकक धरून, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणानंतर श्वास घेण्याइतका विराम ठेवला, तर यमक कानाबरोबर डोळ्यांनाही जाणवते. पण पडद्याची रुंदी पाहून कोठेही ओळ तोडली आणि ती डावीकडून उजवीकडे पुसत उघडली, तर यमक ओळीच्या पोटात गडप होते. असे प्रकटन नीटनेटके दिसले, तरी त्याला अभंगाचा पाठ म्हणता येणार नाही.

येथे एक मूलगामी आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. कवितेला असे कालाने बांधून टाकणेच मुळी चूक आहे. वाचकाला स्वतःच्या गतीने वाचण्याचे जे स्वातंत्र्य छापील पान देते, ते कितीही निर्दोष प्रकटन झाले तरी हिरावले जाते, असे काही जाणकार म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो पूर्णतः खोडून काढता येणार नाही. परंतु तोच आक्षेप काव्यगायनाला आणि कीर्तनालाही लागू पडतो. कीर्तनकार श्रोत्याला आपल्या गतीने नेतो, तरीही कोणी कीर्तन त्याज्य मानीत नाही. कारण पोथी घरी असते आणि तिच्याकडे परत जाता येते. पडद्यावरील प्रकटनानेही हीच मर्यादा पाळावी. अखेरचे अक्षर उमटताच पडदा बदलू नये. संपूर्ण कडवे निश्चल राहावे आणि मध्यम गतीने वाचणाऱ्याला ते आरंभापासून दोनदा वाचता येईल इतका अवकाश मिळावा. प्रकटनाने घेतलेले स्वातंत्र्य असे अखेरीस वाचकाला परत मिळते. बऱ्याच चित्रफितींत नेमके हेच होत नाही. शेवटचा शब्द स्थिर होण्यापूर्वीच तो विरू लागतो आणि वाचकाच्या हाती कविता लागत नाही, केवळ तिची हालचाल लागते.

या विवेचनाचा उद्देश कारागिरांना दोष देण्याचा नाही. त्यांच्यापैकी अनेक तरुण अत्यंत कुशल आहेत आणि अल्प मोबदल्यावर रात्र रात्र काम करतात. त्यांना वृत्त कोणी शिकविले नाही आणि ज्यांना वृत्त येते त्या आपण मंडळींनी त्यांच्या कामाकडे समीक्षकाच्या दृष्टीने कधी पाहिले नाही. संमेलनासाठी चित्रफीत करावयास देताना आपण संहिता देतो, छायाचित्रे देतो, कधी पार्श्वसंगीतही सुचवितो. पण कोठे थांबावयाचे हे सांगत नाही. कवितेची संहिता देताना तिच्यावर यतीच्या जागी एक उभी रेघ आणि चरणाच्या अखेरीस दोन रेघा करून दिल्या, तर निम्मे काम होईल. हे काम भाषाशिक्षकाचे आहे आणि ते करण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना आणि अकादमीच्या सदस्यांना माझी एवढीच विनंती आहे, की पुढील काव्यवाचनाच्या वा पारितोषिक वितरणाच्या समारंभासाठी अशी एखादी चित्रफीत समोर येईल, तेव्हा ती मान्य करण्यापूर्वी आवाज बंद करून एकदा पाहावी आणि पडद्यावरील अक्षरे जशी येतील तशी स्वतः मोठ्याने वाचावीत. जीभ कोठे अडखळते, श्वास कोठे अपुरा पडतो आणि यमक कोठे हरवते, हे टिपून घ्यावे आणि तो कागद कारागिराकडे परत पाठवावा.